मदत हवी आहे: वडिलांच्या फोनवर ‘कनेक्शन खाजगी नाही’, माझ्या फोनवर सगळं ठीक. पैसे भरू का?

नमस्कार मंडळी. आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, मी नोकरीला नाशिकला. थंडी वाढली की पिंक बेरीच्या (मणी गुलाबी पडण्याच्या) धास्तीने घडांना पेपर लावावे लागतात. दादांना (वडील) यंदा ते एका वेबसाइटवरून मागवायचेत. आगाऊ २२,००० रुपये भरायचे आहेत.

दादांच्या फोनवर, अँड्रॉइड ६ आहे, साइट उघडली की ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असा लाल इशारा येतो. माझ्या फोनवर तीच साइट विनातक्रार उघडते. साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट पाहिलं: लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं, ९० दिवसांचं, अजून महिनाभर मुदत बाकी. डोमेनचं नाव (साइटचा पत्ता) अक्षरन् अक्षर जुळतं. दादांच्या फोनची तारीखही बरोबर आहे, आणि बँकेची साइट त्यावर नीट चालते. मग खरं कोणाचं धरू? दादा म्हणतात, इशारा सोडून पुढे जा. गेल्या वर्षी शेजारच्या काकांचे असेच ऑनलाइन पैसे बुडाले, माझा धीर होत नाही.

प्रतिसाद १:
फोन जुना आहे, हेच कारण दिसतंय. कोणाचं सर्टिफिकेट मानायचं याची यादी फोनमध्येच असते. लेट्स एन्क्रिप्टचं आताचं मूळ सर्टिफिकेट अँड्रॉइड ७.१.१ पासून त्या यादीत आलं. त्याआधीच्या फोनांसाठी केलेली सोय ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. बँकेने दुसऱ्या संस्थेकडून घेतलं असणार. खात्री करायची तर त्या फोनवर लेट्स एन्क्रिप्टचीच साइट उघडा, तिथेही हाच इशारा येईल. पण इशारा ओलांडून पैसे भरू नका. तसं केलं की फोन आणि साइटच्या मध्ये माहिती चोरणारा कोणी खरंच बसलेला असला तरी कळणार नाही.

प्रतिसाद २:
भाऊ, सर्टिफिकेट बरोबर म्हणजे विकणारा बरोबर असं नाही. लेट्स एन्क्रिप्ट एवढंच तपासते की मागणाऱ्याचा त्या डोमेनवर ताबा आहे. ठगालाही ते फुकट मिळतं. साइटवरचा जीएसटी नंबर जीएसटी पोर्टलवर टाका, लॉगिन लागत नाही. पेढीचं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, दोन्ही दिसतं.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. लेट्स एन्क्रिप्टची साइट दादांच्या फोनवर उघडली, तोच इशारा आला. जीएसटी नंबर साइटच्या अगदी तळाशी सापडला. पोर्टलवर नोंदणी रद्द दाखवतंय! लगेच दादांना फोन केला. उद्या पिंपळगावच्या दुकानातून पेपर आणतो म्हणाले.