कारण न सांगता वाढवलेली परिवीक्षा कर्मचाऱ्याने स्वीकारावी का?

होटगी रस्ता (धागाकर्ती)

मी मूळची सोलापूरची. चार वर्षे पुण्यात एका मालवाहतूक कंपनीच्या कागदपत्र विभागात काम केले आणि वडिलांचे डायलिसिस सुरू झाल्यामुळे गेल्या वर्षी घरी परतले. जुलैमध्ये येथील एका टेरी टॉवेल निर्यात करणाऱ्या कारखान्यात निर्यातीच्या कागदपत्रांचे काम मिळाले. नियुक्तीपत्रात सहा महिन्यांची परिवीक्षा (प्रोबेशन, म्हणजे कायम करण्यापूर्वीचा पारखण्याचा काळ) होती आणि ती जानेवारीत संपणार होती. सिद्धेश्वर यात्रेच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी घरी निघताना, मला एक पत्र देण्यात आले. 'कामगिरी अपेक्षेनुरूप नसल्याने परिवीक्षेचा कालावधी आणखी सहा महिने वाढवण्यात येत आहे', एवढे एकच वाक्य त्यात होते. कोणती कामगिरी, कोणाची अपेक्षा आणि पुढील सहा महिन्यांत नेमके काय करून दाखवायचे, यांपैकी कशाचाही उल्लेख नव्हता.

माझ्याकडून एक चूक झाली होती आणि ती मी लपवत नाही. सप्टेंबरमधील एका खेपेच्या पॅकिंग लिस्टमध्ये निव्वळ वजन आणि एकूण वजन यांचे आकडे एकमेकांच्या जागी पडले. माल न्हावा शेवा बंदरात पोहोचण्यापूर्वीच कस्टम एजंटने ती चूक दाखवून दिली आणि दुरुस्त कागद त्याच दिवशी रवाना झाले. त्यानंतरच्या चार महिन्यांत माझ्या एकाही कागदावर आक्षेप आलेला नाही. मात्र मला दोन वरिष्ठ आहेत. एक म्हणतात की प्रत्येक इन्व्हॉइस आधी मला दाखवा. दुसरे म्हणतात की विचारत बसू नका, वेळ जातो. एकाचे ऐकले की दुसऱ्याकडून सर्वांसमोर बोलणी खावी लागतात. जेवणाच्या सुट्टीत बहुतेक सहकारी आपसात तेलुगूत बोलतात. आजोळ अक्कलकोटचे असल्याने मला कन्नड समजते, तेलुगू समजत नाही; त्यात त्यांचा काही दोष नाही, पण सहा महिन्यांनंतरही मी डबा घेऊन एका कडेलाच बसते. रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा येतो.

लेखी निकष नसलेल्या मुदतवाढीला मी संधी मानत नाही. काय साधायचे हे माहीत असेल तरच त्या सहा महिन्यांना अर्थ आहे. अशा पत्रावर सही करून थांबणे म्हणजे आपल्या कामाविषयीचा दुसऱ्याचा निवाडा पुरावा न मागता मान्य करणे होय, आणि म्हणून ते स्वीकारू नये, असे माझे मत आहे. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी ते अवश्य मांडावे, कारण या महिनाअखेरीस मला निर्णय घ्यायचा आहे.

बाळीवेस

ताई, मी दोन कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागांत मिळून बावीस वर्षे काढली आहेत आणि अशी पत्रे माझ्या सहीने गेलेली आहेत, म्हणून टेबलाच्या पलीकडची बाजू सांगतो. ज्याला काढूनच टाकायचे असते त्याला मुदतवाढ देण्याची गरज नसते, कारण परिवीक्षेत काढणे मालकाला सर्वांत सोपे असते. अनेकदा विभागप्रमुखाला माणूस ठेवायचा असतो, पण कायम करण्याच्या कागदावर स्वतःची सही करण्याचे धैर्य होत नाही. मग तो निर्णय पुढे ढकलतो. आपल्या बाबतीत दोन वरिष्ठांचे एकमत झाले नसावे आणि त्या मतभेदाची किंमत आपल्या माथी आली असावी, असे पत्राच्या भाषेवरून वाटते.

पत्र मोघम आहे हे मला मान्य आहे. तरीही 'स्वीकारू नये' या निष्कर्षाशी मी सहमत नाही. निर्यातीच्या कागदपत्रांचे काम शिकलेल्या माणसाला पुण्यात दहा दारे उघडी असतील; सोलापुरात चिंचोळी आणि अक्कलकोट रस्ता या दोन औद्योगिक वसाहतींत अशा जागा मोजक्याच निघतात आणि हे मालक एकमेकांना ओळखतात. वडिलांना आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला न्यायचे असताना हातातील पगार सोडण्यापूर्वी आपण शंभर वेळा विचार करावा. आणि सहा महिने हा काळ या कामासाठी खरोखरच अपुरा असू शकतो, कारण सणासुदीच्या परदेशी मागणीचा एक पूर्ण हंगाम पाहिल्याशिवाय माणसाचा अंदाज येत नाही.

विजापूर वेस

बाळीवेस यांचा अनुभव मोठा आहे, तरी मला त्यांचे म्हणणे पटले नाही. मी २०२२ मध्ये अशाच मुदतवाढीत राजीनामा दिला. पहिली तीन महिन्यांची वाढ मी निमूटपणे स्वीकारली होती. ती संपल्यावर दुसरी मिळाली, आणि दोन्ही पत्रांतील वाक्य अक्षरशः सारखे होते. त्या काळात मी रजा मागितली नाही, आजारी असतानाही कामावर गेलो, बहिणीच्या साखरपुड्याला अर्धा दिवस उशिरा पोहोचलो, आणि हे सर्व 'कायम झालो की बघू' या एका आशेवर केले. आज मी पुण्यात नोकरी करतो. सोमवारी पहाटे हुतात्मा एक्सप्रेसने जाणे आणि शनिवारी परतणे सुखाचे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण भीतीने काम करताना माझ्याकडून ज्या चुका होत होत्या, त्या तेथे होत नाहीत. सतत तपासले जाण्याच्या भावनेनेच माणसाचा हात चुकतो, आणि मग तीच चूक पुढील मुदतवाढीचे कारण ठरते. ताई, सोडा.

जुळे सोलापूर

आपण तेव्हा अविवाहित असाल आणि घरात दुसरा पगार असेल. माझ्या घरी नव्हता. सासूबाईंचे औषध, मुलाची फी आणि घराचा हप्ता हे सर्व माझ्या एकटीवर असताना मी अकरा महिने परिवीक्षेत काढले आणि कायम झाले. 'सोडा' हा सल्ला देणाऱ्याने पुढच्या महिन्याचा किराणा कसा भरायचा, हेही त्याच वाक्यात सांगावे.

न्यायालयाजवळ

मी वकिली करतो. दोन्ही बाजूंनी कायद्याचा उल्लेखच आलेला नाही, म्हणून थोडे लिहितो.

परिवीक्षेची कमाल मर्यादा नियमातच लिहिलेली असेल आणि ती उलटल्यानंतरही कर्मचाऱ्याला कामावर ठेवले असेल, तर तो कायम झाला असे मानावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये धरम सिंग यांच्या खटल्यात म्हटले. हा निकाल पुष्कळदा अर्धवट सांगितला जातो. तो पंजाब सरकारच्या शिक्षकांच्या सेवानियमांवर होता. नियमात कमाल मर्यादा नसेल, किंवा लेखी आदेशाशिवाय कोणी कायम समजला जाणार नाही अशी अट असेल, तर केवळ दिवस उलटल्याने कोणी कायम होत नाही. खाजगी कंपन्यांच्या नियुक्तीपत्रांत ही अट बहुधा असते, त्यामुळे होटगी रस्ता यांनी आपले पत्र पुन्हा वाचून मुदतवाढीचे कलम शोधावे आणि कंपनीला जास्तीत जास्त किती वाढ देता येते हे पाहावे.

दुसरे असे की १९४६ च्या स्थायी आदेश (म्हणजे कारखान्याचे लेखी सेवानियम) कायद्याखालील केंद्राच्या नमुना आदेशांत परिवीक्षाधीन कामगाराची व्याख्याच तीन महिन्यांच्या सेवेशी बांधलेली होती, आणि कामगार या शब्दात कारकुनी काम करणारेही येतात. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने मात्र स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरती ठेवली आहे, आणि सोलापूरचे बहुतेक टॉवेल कारखाने त्या आकड्याच्या खूप खाली आहेत. तेव्हा येथे कायद्याचा आधार अल्प आहे. आहे तो एवढाच, की परिवीक्षेतही भविष्य निर्वाह निधी पहिल्या दिवसापासून कापला आणि भरला गेला पाहिजे, आणि पुढे कायम झाल्यास उपदानासाठीची (ग्रॅच्युइटी) पाच वर्षे रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजली जातात. 'प्रोबेशनमध्ये पीएफ नाही' असे कोणी सांगत असेल तर ते चुकीचे आहे.

शेळगी

मी एका खाजगी अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. वकील साहेबांच्या लिखाणाला एक जोड देते. आमच्यासाठी १९७७ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे कायम जागेवर नेमलेल्या शिक्षकाची परिवीक्षा दोन वर्षांची असते, ती पूर्ण झाली की तो कायम समजला जातो, आणि त्या काळात काम असमाधानकारक वाटल्यास संस्था एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार देऊन त्याला काढू शकते. दोन वर्षे हा काळ मोठाच आहे आणि तो मी सुखाने काढलेला नाही. पण शेवटचा दिवस कोणता हे मला ठाऊक होते, स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर मी तो लाल शाईने लिहून ठेवला होता, आणि कितीही वाईट आठवडा गेला तरी एक आठवडा कमी झाला असे म्हणता येत होते. होटगी रस्ता यांच्याकडून नेमके हेच काढून घेतले गेले आहे. म्हणून बाळीवेस यांनी मुदतवाढीला सौम्य निर्णय म्हणणे मला मान्य नाही. एकदा वाढलेली तारीख पुन्हा वाढू शकते हे कळल्यावर तिच्यावर कोणाचाही विश्वास राहत नाही.

बाळीवेस

शेळगी बाईंचा मुद्दा रास्त आहे आणि मी तो नाकारत नाही. पण मी मुदतवाढीची तुलना कायम होण्याशी करत नव्हतो, नोकरी जाण्याशी करत होतो. शाळेच्या संस्थेला दोन वर्षांनी निर्णय घ्यावाच लागतो, आणि नेमक्या त्या सक्तीमुळे कित्येक चांगल्या शिक्षकांना मुदत संपण्याच्या महिन्याभर आधी घरी पाठवले गेल्याचे आपणही पाहिले असेल. मर्यादा कडक असली की शंका असलेल्या माणसाला मालक ठेवत नाही.

पूर्व भाग

मी बराच वेळ लिहावे की नाही या विचारात होते. माझे वडील गिरणीत कायम कामगार होते. त्या एका शब्दासाठी त्यांनी बदली कामगार म्हणून कित्येक वर्षे पहाटे फाटकावर उभे राहून आज हजेरी मिळते का याची वाट पाहिली. कायम झाल्यावर आईने शेजारीपाजारी पेढे वाटले. नंतर गिरणी बंद पडली आणि कायम असलेले व बदलीवर असलेले एकाच दिवशी रस्त्यावर आले. थकलेल्या रकमेसाठी वडील अनेक वर्षे खेटे घालत होते. आईने विड्या वळून आम्हाला शिकवले. सोलापुरात हे घराघरात झालेले आहे.

त्यामुळे 'कायम' या शब्दासाठी प्रकृती पणाला लावावी, असे मला वाटत नाही. पण विजापूर वेस म्हणतात तसे लगेच सोडावे असेही मी म्हणणार नाही, कारण हजेरी न मिळालेल्या दिवशी वडील घरी येऊन ज्या शांततेत बसत, ती शांतताही मी पाहिली आहे. आपण पगार घेत राहावे, काम स्वच्छ ठेवावे आणि त्या कागदाला आपल्या लायकीचे प्रमाणपत्र मानू नये. आणखी एक सांगते. आमच्या भागातील बायका जेवताना तेलुगूत बोलतात ते कोणाला दूर ठेवण्यासाठी नव्हे. दिवसभरात तेवढाच वेळ त्यांना आपल्या भाषेत मिळतो. आपण त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि 'अन्नम तिन्नारा?' एवढेच विचारा, म्हणजे जेवलात का. आमच्याकडे याच प्रश्नावर ओळख होते.

होटगी रस्ता (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. गेले चार दिवस मी प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला आहे.

वकील साहेबांच्या सांगण्यावरून नियुक्तीपत्र पुन्हा काढले. मुदतवाढीचे कलम आहे आणि त्यात 'व्यवस्थापनास योग्य वाटेल तेवढा काळ' असे शब्द आहेत. जुलैमध्ये सही करताना मी ते वाचले होते, पण त्यांचा अर्थ लावला नव्हता. निधीचे पासबुक तपासले, सहाही महिन्यांची रक्कम जमा आहे.

मी मत पूर्णपणे बदललेले नाही. बाळीवेस म्हणतात त्याप्रमाणे वरिष्ठांच्या मतभेदाचा भार माझ्यावर आला असेल, तर तो मतभेद लेखी समोर यावा, एवढा आग्रह धरण्याचा अधिकार परिवीक्षेतील माणसालाही आहे. म्हणून पत्राची पोच देताना मी त्यावर 'पत्र मिळाले. कारणे व निकष कळवावेत' असे लिहून सही केली आणि त्याच दिवशी मनुष्यबळ विभागाला ईमेल पाठवला. सप्टेंबरनंतर तयार केलेल्या सर्व खेपांच्या कागदपत्रांचा तपशील त्यात दिला, इन्व्हॉइसची अंतिम तपासणी दोघांपैकी कोणत्या वरिष्ठांनी करायची हे विचारले आणि तीन महिन्यांनी लेखी आढावा घ्यावा अशी विनंती केली. ही विनंती नाकारली तर नोटिशीचा महिना मोजून मी बाहेर पडेन. मान्य झाली तर जुलैपर्यंत थांबेन. सोडावे लागलेच तर काय, याचा विचार जुळे सोलापूर यांच्या प्रश्नामुळे झाला. घरात बसून हिशेब केला, वडिलांच्या उपचारांसह चार महिने निभतील एवढी शिल्लक आहे.

बाळीवेस

ताई, ईमेल उत्तम आहे. फक्त नोटिशीचा महिना मोजण्याचा विचार त्यात कोठेही लिहिलेला नसावा. तसे असेल तर वाचणारा बाकी काहीच वाचणार नाही.

होटगी रस्ता (धागाकर्ती)

लिहिलेला नाही. विभागाने मंगळवारी अकरा वाजता भेटीला बोलावले आहे, दोन्ही वरिष्ठांसह. पूर्व भाग यांना सांगायचे होते की काल मी जेवताना तो प्रश्न विचारला. माझा उच्चार चुकला, त्यांनी तो दुरुस्त केला आणि बसायला जागा करून दिली.