गोव्यातली सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत फक्त माल्ट केलेल्या बार्लीपासून बनलेली व्हिस्की) इतक्या लवकर तयार कशी होते?

प्रश्न: स्कॉचवर पिंपात मुरल्याची १२, १५ वर्षं लिहिलेली असतात. गोव्याच्या पॉल जॉन या सिंगल माल्टच्या बऱ्याच बाटल्यांवर वयच नसतं. कच्ची विकतात का?

माल्टप्रेमी: अजिबात नाही. उष्णतेत दारू फुगून ओकच्या लाकडात शिरते, गारव्यात परत बाहेर येते आणि येताना व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा गंध), टॅनिन (तुरटपणा), रंग घेऊन येते. पिंपातून स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण २ टक्के दारू वाफ होऊन उडते, गोव्यात ८च्या आसपास. म्हणजे २०० लिटरच्या पिंपात पाच वर्षांनी तिकडे १८० उरते, इकडे जेमतेम १३०. बारा वर्षं थांबणं परवडेल कसं?

ओकवाला: वेग वाढतो तो लाकडातून चव-रंग उतरण्याचा. ऑक्सिडेशनने (हवेतल्या ऑक्सिजनच्या क्रियेने) येणारी गोलाई मात्र सावकाशच येते. कोऱ्या ओकमध्ये जास्त ठेवली तर टॅनिन चढतं, जीभ आवळते. म्हणून आधी बर्बन (अमेरिकी व्हिस्की) मुरलेली पिंपं बरी.

पिंपमोज्या: आर्द्रताही बघा. दमट हवेत पाणी कमी उडतं, अल्कोहोल जास्त. स्कॉटलंडमध्ये पिंपात सहसा ६३.५ टक्के अल्कोहोलवर भरतात, मग टक्केवारी हळूहळू उतरते. ४०च्या खाली गेली तर स्कॉच म्हणून विकताच येत नाही. अमेरिकेतल्या केंटकीत गोदामाच्या वरच्या तापलेल्या मजल्यांवर उलट, ती चढते.