आलवण म्हणजे 'लाल साडी'?

मधली_सुटी: एका लघुपटाची इंग्रजी सबटायटलं करतेय. संवाद असा: 'तिला आलवण नेसवलं तेव्हा ती अकराची होती.' आलवण म्हणजे विधवेला नेसवायचं लाल लुगडं, म्हणून मी 'रेड सारी' लिहून मोकळी झाले. अंधेरीहून संकलकाचा फोन, 'म्हणजे अकराव्या वर्षी लग्न लागलं ना?' त्याच्या डोक्यात विधवा पांढऱ्यात, लाल म्हणजे नवरी. काय लिहू?

गिरगावकर: आलवणच ठेवा. आमच्या चाळीत आजीची थोरली जाऊ नेसायची. ना काठ, ना अंगात चोळी, पदर कपाळापर्यंत ओढलेला. गॅलरीत तिची दांडी वेगळी. धुताना बालदीतलं पाणी लालभडक व्हायचं, आम्ही पोरं घाबरायचो.

अर्धविराम: अरबीत 'अलवान' म्हणजे रंग, 'लौन'चं अनेकवचन. तिथूनच आलं असणार.

खोडरबर: कशाला अरबस्तानात जाता? आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांपासून लाल रंग काढत. आल, आलवण. 'वण' कुठून आला ते मात्र विचारू नका.

लालबागची_नात: काहीही लिहा, 'मराठी विधवेचं वस्त्र' लिहू नका. आमच्या खोलीत हा शब्द मी कधी ऐकला नाही. आजोबा गेले, आजीने कुंकू आणि हिरवा चुडा सोडला. लुगडं तेच, गिरणीत जायची तीही त्याच लुगड्यात. आलवण आणि केशवपन मुख्यतः ब्राह्मण घरांतलं.

गिरगावकर: शब्दाचं चाललंय, जात कशाला?

लालबागची_नात: शब्दच त्या घरातला आहे हो! आणि वस्तरा कोणाच्या हातात असायचा? 1890 मध्ये मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा भरवून केशवपन करायचं नाही असं ठरवलं. पुढाकार कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा.

अर्धविराम: आदल्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी चौपाटीला विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली होती. गोदूबाई तिथेच शिकल्या. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह, मग त्या बाया कर्वे.

मधली_सुटी: मंडळी, माझं सबटायटल! दोन ओळी, चार सेकंद.

खोडरबर: 'विडोज रेड'.

मधली_सुटी: वाईनच्या बाटलीवरचं नाव वाटतंय.

गिरगावकर: मुळात ते लाल नव्हेच, तांबडं. आजी कधी लाल म्हणाली नाही.

खोडरबर: मग मंत्र्यांच्या गाडीवर तांबडा दिवा असायचा का?

लालबागची_नात: आणि पहाटे काय लाल फुटतं?