'कॉन्फ्लिक्ट मिनरल्स'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : मोबाइल-लॅपटॉपच्या पुरवठा साखळीवरचा मजकूर मराठीत आणतेय. 'कॉन्फ्लिक्ट मिनरल्स'साठी 'संघर्ष खनिजे' लिहिलं, पण खटकतंय. 'ड्यू डिलिजन्स'चंही अडलंय. 'यथोचित तत्परता' वाचून काहीच बोध होत नाही.

प्रतिसाद १ : खटकणारच. मराठीत 'संघर्ष'ला मान आहे, माणसं संघर्ष करून वर येतात. 'संघर्ष खनिजे' म्हटलं की मोबाइलच्या सुट्या भागांत लागणारा तो बिचारा धातू, टँटलम, हालअपेष्टा सोसून खाणीबाहेर पडला असं वाटतं! मुद्दा आहे पूर्व काँगोतल्या सशस्त्र टोळ्यांचा. त्या खाणी बळकावतात, रस्त्यात नाकी लावून वसुली करतात आणि त्या पैशावर लढतात. मी 'युद्धपोषक खनिजे' म्हणेन.

प्रतिसाद २ : शब्द झणझणीत आहे, पण कायद्यातल्या अर्थाला बसत नाही. अमेरिकेच्या २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यात, कलम १५०२ मध्ये, कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोनं यांची खनिजं नावानिशी घातली आहेत. खाण कुठलीही असो, व्याख्या लागू होते. ऑस्ट्रेलियातलं टँटलमसुद्धा त्यात येतं. त्याला 'युद्धपोषक' म्हणणं म्हणजे चौकशीआधीच शिक्षा. उलट बालमजुरीमुळे गाजलेलं कोबाल्ट या चारांत नाहीच.

युरोपीय संघाचा २०१७ चा नियम (अंमल १ जानेवारी २०२१ पासून) धातू हेच चार धरतो, पण भर प्रदेशावर देतो. तिथे 'संघर्षग्रस्त भागातली खनिजे' चपखल बसतं. ग्रस्त आहे तो भाग, खनिज नव्हे, त्यामुळे 'संघर्षग्रस्त खनिजे' नको. अमेरिकी कायद्याबद्दल लिहिताना मात्र सरळ 'कॉन्फ्लिक्ट मिनरल्स' ठेवून पहिल्यांदा चारही नावं द्यावीत.

प्रतिसाद १ : मान्य. युद्धपोषक मागे घेतो, जरा जीवावर येतंय.

प्रतिसाद ३ : 'ड्यू डिलिजन्स'ला आपला जुना 'शहानिशा' काय वाईट आहे? माल कुठून आला, कुणाच्या हातून आला, याची शहानिशा.

प्रतिसाद २ : आवडला, पण अर्धाच पुरतो. शहानिशा एकदा केली की संपते. ओईसीडी या, मुख्यतः विकसित देशांच्या, आर्थिक सहकार्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत ड्यू डिलिजन्सच्या पाच पायऱ्या आहेत : कंपनीत व्यवस्था उभारणं, धोके ओळखणं, त्यांवर उपाय करणं, प्रगलन भट्ट्यांची (खनिज वितळवून धातू काढणाऱ्या) त्रयस्थाकडून तपासणी, आणि दरवर्षी जाहीर अहवाल. भट्टीवरच भर का? तिथे अनेक खाणींचा माल एकत्र वितळतो, पुढे धातूकडे पाहून मूळ सांगता येत नाही. म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या पायरीला 'शहानिशा' शोभतो. तिसरीला, जिथे पुरवठादाराला सुधारायला लावायचं किंवा तोडायचं, अजिबात नाही.

प्रतिसाद ३ : मग 'शहानिशा आणि खबरदारी'? जोडशब्द लांबतो, पण दोन्ही कामं दिसतात.

प्रश्नकर्ती : हेच घेते. 'यथोचित तत्परता' खोडली. 'सप्लाय चेन'ला कुणी 'शृंखला' सुचवणार असेल तर आधीच सांगते, साखळीच ठेवणार आहे.