हुतात्मा चौक : माहीतगारांचा अनुभव धागा

मंडळी, मुंबईच्या फोर्टातल्या हुतात्मा चौकाबद्दल 'जुना आहे, सुंदर आहे' याच्यापुढे फारसं कुणी लिहीत नाही. कारंज्याचा दगड, स्मारकावरचे कार्यक्रम, फुटपाथवरची पुस्तकं, चौक पायी फिरवून दाखवणं, ज्याच्या हाताखालून जे जातं त्याने ते लिहावं. आठवणी नकोत, कामाचं लिहा.

चुना-वाळू :
चौकातलं कारंजं, म्हणजे फ्लोरा फाउंटन, १८६४चं. मुळात ते भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी होतं. किल्ल्याची तटबंदी पाडल्यावर ते इथे, जुन्या चर्च गेटच्या जागी आलं. आराखडा नॉर्मन शॉ यांचा, कोरीवकाम जेम्स फोर्सिथ यांचं. खर्च ४७,००० रुपये, त्यातले २०,००० कर्सेटजी फर्दुनजी पारेख यांचे.

दगड इंग्लंडचा, पोर्टलँड. म्हणजे चुनखडी. आपल्या काळ्या पाषाणासारखं त्याला वागवलं की गेला कामातून. हा दगड पाणी पितो आणि सोडतो. वर्षानुवर्षं त्यावर पांढरा ऑइलपेंट चढवला गेला. पाणी आत मुरतच राहतं, बाहेर पडायची वाट मात्र रंगाने बंद. मग क्षार रंगाखाली साचतात आणि रंग सुटताना दगडाचा पापुद्रा घेऊन सुटतो.

रंग काढताना सँडब्लास्टिंग नको, तारेचा ब्रश नको आणि ॲसिड तर अजिबात नको. चुनखडीवर ॲसिड पडलं की फेस येतो आणि बघणाऱ्याला वाटतं मळ निघतोय. तो फेस म्हणजे दगडच विरघळत असतो. रंग सोडवणारी पेस्ट आधी मागच्या बाजूला, वीतभर तुकड्यावर लावून बघावी. खरवडायला लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी घ्यावी, धुवायला कमी दाबाचं पाणी.

नंतर क्षार ओढून घ्यायचे. पांढरी माती, कागदाचा लगदा आणि डिस्टिल्ड पाणी यांचा लेप १० ते १५ मिलिमीटर जाड थापायचा आणि पूर्ण वाळल्यावर उतरवायचा. एका लेपात भागत नाही, दोन-तीनदा तरी करावं लागतं. मुंबईत हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करा. पावसाळी हवेत लेप वाळतच नाही, आणि ओढलेले क्षार परत आत मुरतात.

सांधे भरायला चुना १ आणि धुतलेली वाळू ३. सिमेंट नको. ते दगडापेक्षा कडक बसतं आणि ताण आला की सांध्याऐवजी दगडाची कड फुटते. जुन्या दगडकामात लोखंडी खुंट्या सापडल्या तर त्या काढून स्टेनलेस स्टीलच्या घालाव्यात. लोखंड गंजून फुगतं आणि दगड आतून चिरतो.

अलीकडचं मोठं जतनकाम जुन्या वास्तूंचं जतन करणारे वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली झालं आणि २४ जानेवारी २०१९ला कारंजं पुन्हा सुरू झालं. त्या कामात रस्त्याखाली ट्रामचे रूळ सापडले होते. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला धावली, पण रूळ तिथेच गाडले गेले होते.

पंप आणि पाणी :
वरच्यांना जोडून थोडंसं. टप्प्याटप्प्याच्या कारंज्यात कटोऱ्याची कड पाणसळीत, म्हणजे अगदी एका पातळीत हवी. दोन-तीन मिलिमीटरचा कल पडला तरी सगळं पाणी एकाच बाजूने ओसंडतं. तिथे शेवाळ धरतं आणि दुसरी बाजू कोरडी पडून पांढरे डाग पडतात. पाणी फिरतं असल्यामुळे उडालेलं तेवढं भरावं लागतं आणि क्षार वाढत जातात, म्हणून टाकी ठरावीक दिवसांनी पूर्ण रिकामी करावी. पंपाची जाळी रोज बघा. पानं, पिशव्या, बाटल्यांची झाकणं यानेच पंप कोरडा चालून जळतो. वारा असेल तर फवारा खाली घ्या.

मशाल :
२१ नोव्हेंबर १९५५ला इथे संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, म्हणून २१ नोव्हेंबर आणि १ मे या दोन्ही दिवशी अभिवादन असतं. हातात मशाल घेतलेले कामगार आणि शेतकरी, ते स्मारक. हुतात्म्यांचा आकडा १०५, १०६, १०७ असा तीन प्रकारे ऐकू येतो. ज्या यादीवरून नावं वाचणार तिचाच आकडा फलकावर घाला. आकडा एका यादीतला आणि नावं दुसरीतली, हा घोळ नेहमीचा.

संस्थांनी मंत्र्यांचा ताफा जाईपर्यंत थांबायची तयारी ठेवावी, तोवर बॅरिकेड उघडत नाहीत. पुष्पचक्राला बांबूचं कडं, त्यावर भाताचा पेंढा आणि फुलं दोऱ्याने बांधलेली. तार वापरली की ओल्या फुलांखाली गंजते आणि दगडावर तपकिरी रेघ उमटते. चक्र तिवईवर ठेवा, चौथऱ्याला टेकवू नका. प्लास्टिक गुंडाळलेला झेंडू आत घाम धरून तासाभरात मान टाकतो.

फोर्टची पायवाट :
चौक दाखवायचा तर रविवारी सकाळी सात ते साडेआठ, माणसं पंधराच्या आत. त्याहून जास्त असली की एका सिग्नलमध्ये रस्ता ओलांडून होत नाही आणि निम्मा गट पलीकडे राहतो. सुरुवात क्रॉस मैदानाच्या कडेच्या भिखा बेहराम विहिरीपासून (१७२५) करा. आत फक्त पारशांना प्रवेश आहे, हे आधीच सांगून ठेवा. तिथून वीर नरिमन रोडने पूर्वेला कारंजं, पुढे सेंट थॉमस कॅथीड्रल (१७१८), मग हॉर्निमन सर्कल. या ओळीत किल्ल्याची आतली आणि बाहेरची बाजू आपसूक कळते. दादाभाई नौरोजींचा पुतळा मात्र लोक हमखास चुकवतात, तो दाखवाच.

ऑक्टोबर २०२५पासून मेट्रो ३चं हुतात्मा चौक स्थानक सुरू आहे. त्याच मार्गावर आचार्य अत्रे चौक स्थानकही आहे. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ शिकवणाऱ्या शिक्षकांना याहून सोपी सहल मिळणार नाही.

फुटपाथी वाचक :
चर्चगेटकडे जाताना पुस्तकांच्या चळती दिसतात. पूर्वीइतक्या नाहीत, पण आहेत. मधलं पुस्तक स्वतः ओढू नका, चळत कोसळते. पुस्तकवाल्याला सांगा, तो गुडघा लावून बरोबर काढतो. किंमत बहुधा आतल्या पानावर पेन्सिलीने असते, घासाघीस तिथून सुरू. अभ्यासाच्या पुस्तकात आवृत्तीचं साल आधी बघा. पावसाळ्यात घेतलेलं पुस्तक थेट कपाटात नको. दोन दिवस पंख्याखाली उभं ठेवा, कसर असेल तर दिसते. आणि पैसे देण्याआधी १६, ३२, ४८ या पानांशी पुस्तक उघडून पुढचा आकडा जुळतो का पाहा. पुस्तक फर्म्यांनी, म्हणजे बहुधा सोळा-सोळा पानांच्या जुड्यांनी बांधलेलं असतं, त्यामुळे गहाळ होतं तेव्हा एकेक पान नव्हे, अख्खा फर्मा गेलेला असतो.