आजीचा साज खऱ्या सोन्याचा आहे का, घरी कसं बघायचं? (कोल्हापूर)

रंकाळ्याची
नमस्कार मंडळी. मार्चमध्ये आजी गेली. तिच्या ट्रंकेत पातळाच्या घडीत गुंडाळलेला साज, एक बोरमाळ आणि दोन पाटल्या निघाल्या. पावती नाही, शिक्का नाही. बाबा, काका आणि आत्या अशी तिघांत वाटणी व्हायची आहे. त्याआधी हे सोनं आहे की नुसतं वरून सोन्याचं पाणी दिलेलं, एवढं घरच्या घरी कळलं तर बरं होईल. एक नातेवाईक म्हणतात, मोडीत घाला आणि पैसे वाटून घ्या. मला ते नकोय, आजीच्या गळ्यात मी तो साज प्रत्येक नवरात्रात बघितलाय. व्हिडिओंमध्ये व्हिनेगर, लोहचुंबक, पाण्यातलं वजन, काडीपेटी असं काय काय दाखवतात. यातलं काय करू? साजाची 21 पानं (हारात ओवलेले नक्षीचे तुकडे) मोजली, पुरी आहेत. फक्त मासा आहे त्या पानाची शेपटीकडची कड काळसर दिसते, बाकी सगळी पिवळीधमक.

हुपरीकर
ताई, काडीपेटी आधी लांब ठेवा. मी आईच्या बोरमाळेचा एक मणी गॅसवर धरला होता. चुरचुर आवाज आला, भोकातून लाल-काळी लाख फेसासारखी बाहेर आली आणि मणी एका बाजूनं बसला. सोनं खरंच निघालं, पण तो मणी परत कुणाला सरळ करता आला नाही. अजून वाईट वाटतं.
व्हिनेगरचाही उपयोग नाही, ते पितळेवर लगेच काही ठळक दाखवत नाही.

कारागिराची_लेक
वडिलांनी गुजरीत, म्हणजे इथल्या सराफांच्या गल्लीत, चाळीस वर्षं साजाचं काम केलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

साजाचं पान भरीव नसतं. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठोकून शंख, कासव, मासा उठवतात आणि आत लाख भरतात, म्हणजे पान चेपत नाही. जवमणी (साजातले जवासारखे मणी) आणि बोरमाळेचे मणीसुद्धा आतून लाखेचेच. म्हणून पाण्यातल्या वजनाची परीक्षा साजावर खोटं बोलते. 22 कॅरेट सोन्याची घनता साधारण 17.7, लाख मात्र पाण्यापेक्षा थोडीशीच जड. दोन्ही एकत्र तोललं तर अस्सल साजसुद्धा पितळेपेक्षा हलका निघेल आणि तुम्ही उगाच घाबराल. शिवाय दोऱ्यात गाठवलेला दागिना पाण्यात बुडवणं बरं नाही.

पाटल्या भरीव असतील तर त्यांच्यावर करून बघा. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा लागेल. आधी पाटली कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा आणि दोऱ्याला बांधलेली पाटली पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही अशी धरा. काट्यावर येईल त्या आकड्यानं कोरड्या वजनाला भागा, की घनता मिळते. 20 ग्रॅमची पाटली 22 कॅरेटची असेल तर पाण्यातला आकडा 1.13 च्या आसपास येतो, पितळेची असेल तर 2.3 च्या पुढे. बुडबुडे चिकटू देऊ नका, त्यानंच घोळ होतो. आणि पाटलीतही लाख किंवा तांब्याचा गाभा असू शकतो, म्हणून घनता कमी आली म्हणजे लगेच खोटं ठरवू नका.

लोहचुंबकानं लोखंड, निकेल असे मोजकेच धातू पकडले जातात. पितळ, तांबं, चांदी यांपैकी काहीच त्याला चिकटत नाही. उलट खऱ्या दागिन्याच्या फासक्यात (अडकवायच्या कडीत) पोलादी स्प्रिंग असेल तर तेवढी चिकटेल.

मासा मात्र मला खटकला. चांगल्या कसाचं सोनं सहसा काळं पडत नाही. मळ असेल तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ फडक्यानं निघेल. निघाला नाही तर खाली चांदी असावी, वरचं पाणी झिजलं की ती कडेनं काळी पडते. टूथपेस्ट, सोडा, ब्रश काही लावू नका.

यापुढचं काम कसोटीच्या दगडाचं. गुजरीत जुन्या माणसाकडं जा आणि कस, म्हणजे सोन्याची शुद्धता, समोर बसून लावून घ्या. दगडावर बारीक रेघ ओढतात, शेजारी माहितीतल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढतात आणि वर तेजाब (आम्ल) लावून रंग ताडून बघतात. पितळेची रेघ लगेच विरून जाते. जिथं टाका (जोड) आहे तिथं घासू देऊ नका, टाक्याचं सोनं हलक्या कसाचं असतं आणि सगळ्या दागिन्याचा कस कमी वाटतो. निघण्यापूर्वी घरी प्रत्येक पानाचा पुढून-मागून फोटो काढा आणि वजन लिहून ठेवा. दागिना नजरेआड जाऊ देऊ नका.

पेठेतला_मास्तर
शिक्का नाही म्हणून काळजी करू नका. आपल्याकडं हॉलमार्क 2000 साली आला आणि सक्तीचा 2021 पासून. आजीच्या काळात कुठला? कस मात्र कमी निघू शकतो. 1963 च्या सुवर्ण नियंत्रणात नवे दागिने 14 कॅरेटच्या वर करायला बंदी होती. पाटल्या त्या काळातल्या असतील तर सोनारानं फसवलं असं लगेच मनात आणू नका.

शाहूपुरी_पोरगा
हॉलमार्किंग केंद्रावर जुना दागिना तपासून अहवाल मिळतो. चार नगांपर्यंत 200 रुपये आणि वर कर, असं शुल्क आहे. वाटणीला कागद हातात असलेला बरा. क्ष-किरणांचं मशीन फक्त वरचा थर वाचतं, तेवढं ध्यानात ठेवा. जाड मुलामा असेल तर तेही फसतं.

कारागिराची_लेक
बरोबर. आणि वाटणीत साजाचं पूर्ण वजन सोन्याचं धरू नका, त्यात लाखेचं वजनही आहे. लाख किती, हे न मोडता कारागीर फक्त अंदाजानंच सांगू शकतो. तो अंदाज दोघांकडून घ्या.

रंकाळ्याची
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आत्याला घेऊन गुजरीत गेले. पाटल्या भरीव, घरी घनता 17 च्या वर आली होती, कसही 22 च्या जवळ लागला. साजाची वीस पानं आणि बोरमाळ सोन्याची. माशाची रेघ दगडावर पांढरी उमटली. चांदी, वर सोन्याचं पाणी.

मी त्या सोनारकाकांना काही विचारणार तोच आत्या रडायला लागली. शाळेत असताना आजीचा साज गुपचूप घालून ती पंचगंगेच्या घाटावर गेली होती आणि एक पान तिथंच पडलं. आजी तिला एका शब्दानं बोलली नाही. घरात कुणाला कळू नये म्हणून तिनं तेवढं एक पान चांदीचं करवून घेतलं असणार. आत्याला हे काल कळलं.

साज मोडायचा नाही असं तिघांनी ठरवलंय. दोरा जुना झालाय म्हणून गाठवायला दिलाय. सोनारकाकांनी विचारलं, मासा सोन्याचा करून घालू का? आत्या म्हणाली, नको, आहे तोच राहू दे.