तोंडी परीक्षेत बोलीमुळे गुण कमी पडतात का? स्वतःचाच पूर्वग्रह कसा तपासावा?

प्रश्न: माध्यमिक शिक्षिका, शिरपूर तालुका

मी गेली 14 वर्षे एका अनुदानित माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. दहावीला भाषा विषयात 80 गुण लेखी परीक्षेचे आणि 20 गुण तोंडी परीक्षेसह अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. हे 20 गुण आम्ही सढळ हाताने देतो, त्यामुळे सहसा कोणी 14 च्या खाली जात नाही. परंतु 14 आणि 19 यांमधले अंतर कोणाच्या वाट्याला येते, हे मी यंदा उन्हाळ्याच्या सुटीत जुने गुणतक्ते काढून पाहिले आणि अस्वस्थ झाले. मंडळाच्या लेखी परीक्षेत तपासणाऱ्याला मुलाचे नाव, गाव, आवाज यांपैकी काहीच कळत नाही. तेथे जवळजवळ सारखे गुण मिळवलेल्या दोन मुलांपैकी शहरातल्या कॉलनीत राहणाऱ्याला मी तोंडीत 18 दिले होते आणि खेड्यावरून एसटीने येणाऱ्याला 15. हे एकदाच घडलेले नाही, अनेक वर्षे घडत आलेले आहे.

बोलणे आणि लिहिणे ही वेगळी कौशल्ये आहेत, अशी मी स्वतःची समजूत घालून पाहिली. मग तोंडी परीक्षेच्या टिपणांची वही काढली. तिच्यात ‘उच्चार गावठी’, ‘बोलीचा प्रभाव’, ‘आत्मविश्वास कमी’ असे शेरे आहेत. मुलाने काय सांगितले त्याविषयी बहुतेक ठिकाणी एक ओळही नाही. एका मुलाने आपल्या वावरातल्या विहिरीचे पाणी फेब्रुवारीतच का तळाला जाते आणि त्यामुळे वडिलांनी केळी काढून कापूस का लावला, हे अतिशय नेमकेपणाने सांगितले होते. ते मला आजही आठवते. माझ्या वहीत मात्र त्याच्या नावापुढे ‘वावरमा, घरमा’ एवढेच लिहिलेले आहे.

सर्वांत जास्त लागलेली गोष्ट पुढची आहे. मी स्वतः पारोळा तालुक्यातल्या अहिराणी बोलणाऱ्या घरातली आहे आणि आईशी आजही अहिराणीतच बोलते. बी.एड.ला असताना माझ्या सराव पाठावर ‘बोलीचा प्रभाव’ असाच शेरा आला होता आणि त्या दिवशी मी जेवले नव्हते. तेच दोन शब्द मी माझ्या वहीत उतरवत आले. वर्गात बहिणाबाईंची कविता मी जीव ओतून शिकवते, तिचा एकही शब्द प्रमाण मराठीत बदलू देत नाही, आणि त्याच तासाला ‘माले समजनं नई’ म्हणणाऱ्या मुलाला ‘नीट बोल’ असे सांगते. मागच्या वर्षी एक मुलगी मोठ्या अभिमानाने मला म्हणाली, ‘मॅडम, मी आता घरीसुद्धा अहिराणी बोलत नाही.’ मी तिला शाबासकी दिली.

हा पूर्वग्रह आहे, की प्रमाणभाषेची रास्त अपेक्षा? पूर्वग्रह असेल, तर तो माझ्याच भाषेविषयी माझ्याच मनात कसा आला? आणि येत्या सत्रात गुण देताना नेमके काय बदलावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: मानसशास्त्राचे प्राध्यापक, जळगाव

मॅडम, जुने तक्ते काढून स्वतःचे गुणदान तपासणारे शिक्षक मी फार थोडे पाहिले आहेत. म्हणून आधी आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण माझ्या मते तोच मुख्य आहे.

1960 साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे वॉलेस लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन्ही भाषा उत्तम बोलणाऱ्या काही व्यक्तींनी एकच उतारा एकदा इंग्रजीत आणि एकदा फ्रेंचमध्ये वाचला. दोन्ही आवाज एकाच माणसाचे आहेत हे ऐकणाऱ्यांना सांगितले नव्हते. आवाजावरून बोलणारा किती हुशार, किती भरवशाचा, एवढेच काय पण किती उंच वाटतो, हे त्यांनी नोंदवायचे होते. त्या काळी त्या शहरात सत्ता आणि पैसा इंग्रजी बोलणाऱ्यांकडे होता. इंग्रजीत बोलणारा तोच माणूस ऐकणाऱ्यांना अधिक हुशार आणि अधिक उंच वाटला, आणि असे वाटणाऱ्यांत फ्रेंच मातृभाषा असलेले विद्यार्थीही होते. ज्या भाषेला समाजात खालचे स्थान असते, तिच्याविषयीचे मत ती भाषा बोलणारेही त्याच समाजाकडून उचलतात. आपल्या वहीतला शेरा असाच एका पिढीकडून दुसरीकडे आला आहे.

भारतातला दाखला अधिक जवळचा आहे. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शंभराहून अधिक शिक्षकांना मुलांच्या उत्तरपत्रिका तपासायला दिल्या होत्या आणि मुखपृष्ठावरची जात, लिंग, वय ही माहिती कोणत्याही पत्रिकेला चिठ्ठ्या टाकाव्यात तशी जोडली होती. तथाकथित खालची जात लिहिलेल्या पत्रिकांना किंचित कमी गुण मिळाले. फरक लहान होता. परंतु तो प्रामुख्याने त्याच सामाजिक स्तरातून आलेल्या शिक्षकांच्या गुणदानात आढळला. यावरून कोणी त्या शिक्षकांना दोष देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ‘आमच्याने झाले, तर यांच्याने का होऊ नये’ ही कष्टाने वर आलेल्या माणसाची कठोरता मी माझ्या स्वतःच्या वडिलांत पाहिली आहे आणि तिच्यामागे मुलांविषयीची काळजीच होती.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्या कामाची आहे. भेदभाव तपासणीच्या सुरुवातीच्या पत्रिकांत जास्त दिसला. निकष मनात पक्के बसलेले नसतात तेव्हा माणूस नाव, गाव, उच्चार अशा हाती लागेल त्या खुणेचा आधार घेतो. म्हणून तोंडी परीक्षेआधीच आशय, मांडणीचा क्रम, शब्दसंपत्ती आणि प्रमाणभाषेचा वापर असे रकाने आखावेत, प्रत्येकाचे गुण ठरवावेत आणि मूल समोर बसलेले असतानाच रकाना भरावा. ‘आत्मविश्वास’ हा रकाना ठेवू नये. घरची भाषा शाळेत चालत नाही हे कळलेले मूल चाचरणारच, आणि ते आपण त्याचा स्वभाव म्हणून नोंदवतो.

‘वावरमा’ ही चूक नव्हे, हेही लिहायला हवे. प्रमाण मराठीत जेथे ‘-त’ आणि ‘-ला’ येते, तेथे अहिराणीत ‘-मा’ आणि ‘-ले’ येते, आणि ते मूल हा नियम एकदाही चुकत नाही. 2011 च्या जनगणनेत सुमारे साडेअठरा लाख लोकांची मातृभाषा खान्देशी (जिच्यात अहिराणी मोजली जाते) अशी स्वतंत्रपणे नोंदलेली आहे. (बहिणाबाई आसोद्याच्या, त्यांची बोली लेवा गणबोलीच्या अंगाची आहे, अहिराणी नव्हे. आपला मुद्दा त्याने कमी होत नाही.)

उत्तर: मनुष्यबळ विभागातील अधिकारी, जळगाव एमआयडीसी

प्राध्यापक सरांचे बहुतेक म्हणणे मला पटते. मात्र एका ठिकाणी मतभेद नोंदवतो. शाळेने प्रमाण मराठीचा आग्रह सैल केला, तर त्याची किंमत ते मूल पुढे मुलाखतीत मोजेल. मी स्वतः शिंदखेडा तालुक्यातला आहे. पुण्यातल्या माझ्या पहिल्या मुलाखतीत समोरच्या दोघांनी माझ्या एका शब्दावर एकमेकांकडे पाहिले आणि पुढचे सगळे मी विसरलो. तेव्हा मला वाटले होते की शाळेने मला आणखी रागावायला हवे होते.

आता मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो आणि दोष केवळ उमेदवाराच्या भाषेत नसतो हे रोज पाहतो. आमच्या मुलाखतपत्रिकेत ‘संभाषणकौशल्य’ असा रकाना होता. यंत्रावर काम करणाऱ्या तंत्रज्ञासाठी त्याचा अर्थ काय, हे कोणीही सांगू शकत नव्हते, आणि तरीही निवड बहुधा त्याच रकान्यावर ठरत होती. त्याहून वाईट म्हणजे मुलाखतीची सुरुवात ‘आडनाव काय, गाव कोणते, कोणाच्या घरातला’ या प्रश्नांनी होत असे. विचारणाऱ्याच्या मनात आपुलकी असेल. पण उत्तर मिळताच त्याचे अर्धे मत झालेले असते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांच्या 2007 च्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला एक तृतीयांश. तेथे तर कोणी तोंडही उघडले नव्हते.

तो रकाना आम्ही काढला. आता प्रत्येक उमेदवाराला तेच पाच प्रश्न त्याच क्रमाने विचारतो आणि त्यानंतर यंत्रावर अर्धा तास काम करायला लावतो. तरीही मॅडमना माझे सांगणे आहे की प्रमाण मराठी शिकवाच, फक्त रागावून शिकवू नका.

उत्तर: परिचारिका, धुळे (मूळ गाव धडगाव तालुका)

मॅडम, आपण अहिराणीविषयी लिहिले, ते वाचून बरे वाटले. पण मी पावरा या आदिवासी समाजातली आहे, त्यामुळे मला दुसरी बाजू मांडावीशी वाटते. आमच्यासाठी अहिराणी हीच मोठ्या लोकांची भाषा होती. चौथीपर्यंत आश्रमशाळेत शिकून मी शहाद्याला आले, तेव्हा शिक्षक मराठीत बोलत आणि मुले अहिराणीत, आणि मला दोन्ही येत नव्हत्या. शिक्षकांनी प्रश्न विचारला की मी तो मनातल्या मनात पावरीत घ्यायची, उत्तर पावरीत तयार करायची आणि त्याचे मराठी करायची. तोवर शिक्षकांचे बोट दुसऱ्या मुलाकडे गेलेले असे. वर्षाच्या शेवटी प्रगतिपुस्तकात ‘अबोल’ असे लिहिलेले होते. घरी मला कोणी अबोल म्हटले असते, तर माझी आई हसली असती.

2011 च्या जनगणनेप्रमाणे नंदुरबार जिल्ह्यात सुमारे 69 टक्के लोक आदिवासी आहेत. तरीही वर्गात आमचा उल्लेख ‘पाड्यावरची मुले’ असाच होत असे.

एक प्रसंग सांगते. आठवीत गणिताचा पेपर सुरू होण्याआधी कार्यालयातून एक कर्मचारी आले आणि त्यांनी शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी आदिवासी मुलामुलींना उभे राहायला सांगितले. ज्यांनी जातीचा दाखला दिला नव्हता, त्यांची नावे मोठ्याने वाचली. माझे नाव त्यात होते. शिष्यवृत्ती माझा हक्क होता आणि तिच्यामुळेच मी शिकले. पण पंधरा मिनिटे उभी राहून मी जेव्हा पेपर हातात घेतला, तेव्हा येत असलेली गणितेही मला सुचली नाहीत. त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हते, त्यांना फक्त यादी पूर्ण करायची होती.

उत्तर: मानसशास्त्राचे प्राध्यापक, जळगाव

ताई, आपण जे सांगितले तेच कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत मोजले होते. सहावी-सातवीतल्या 642 मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले होते आणि सोडवलेल्या प्रत्येक चक्रव्यूहाला पैसे ठरलेले होते. जात जाहीर केलेली नसताना उच्चजातीय आणि दलित अशा दोन्ही गटांची कामगिरी जवळजवळ सारखी होती. सर्वांसमक्ष नाव आणि जात वाचून दाखवल्यावर दलित मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. काही मिनिटांपूर्वीपर्यंत त्यांच्या बुद्धीत उणे काहीच नव्हते.

आणि ‘अबोल’ या शेऱ्याविषयी: मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून दाखवले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. ते तीन सेकंद किंवा थोडे अधिक थांबू लागले, तेव्हा उत्तरे लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. तीन भाषांतून वाट काढणाऱ्या मुलासाठी तर तीन सेकंदही कमीच आहेत.

प्रश्नकर्त्या शिक्षिकेचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. एमआयडीसीतल्या दादांचा मुद्दा मी सोडणार नाही. प्रमाणभाषेचा रकाना राहील, पण 20 पैकी 4 गुणांचा, आणि आशयाचे गुण देताना मूल कोणत्या भाषेत सांगते ते पाहणार नाही. पावरी मला समजत नाही. म्हणून त्या मुलांच्या तोंडीला आमच्या शाळेतल्या पावरा समाजातल्या शिक्षकांना शेजारी बसण्याची विनंती करणार आहे. प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजायचे, हे उद्यापासूनच सुरू करते.

धडगावच्या ताई, तुमचे लिहिणे वाचून मी सकाळी शाळेच्या सूचनाफलकापुढे उभी राहिले. शिष्यवृत्तीची यादी तेथे प्रवर्गाप्रमाणे, मुलांच्या पूर्ण नावांसह लावलेली आहे आणि मी तिच्यासमोरून रोज जाते. कागदपत्रे प्रत्येक मुलाकडून कार्यालयात वेगळी घ्यावीत आणि परीक्षेच्या आठवड्यात वर्गात नावे पुकारू नयेत, असे पत्र मी मुख्याध्यापकांना लिहिले आहे. ते काय म्हणतात ते येथे कळवते. ज्या शाळांनी ही यादी फलकावरून काढली आहे, त्यांनी अर्जांची मुदत सांभाळून हे कसे जमवले, ते कृपया लिहावे.